विधायककाकांची वसंतपूजा

एकोणीस एप्रिल, रविवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी अशा निष्कर्षाप्रत आले की, माणसाचा सत्कार कसा करावा हे अखिल भारतवर्षात केवळ एका गृहस्थाला कळलेले आहे, आणि तो सत्कार समोरच्या माणसाला सोसेल की नाही याची त्या गृहस्थाला तिळमात्र फिकीर नाही. निष्कर्षाला पुरेशी सामग्री माझ्या डोळ्यांसमोर होती. काशीच्या रामघाटावरच्या त्यांच्या घराच्या चौकात सतरंज्यांवर तीसेक निवृत्त तोफची हुद्द्याच्या क्रमाने मांडी घालून बसले होते. प्रत्येकाच्या कपाळी गंध, दोन्ही मनगटांवर चंदनाची उटी, कानात अत्तराचा फाया आणि गळ्यात मोगऱ्याचा हार. पहिल्या रांगेतल्या एका हवालदाराच्या भरघोस मिशांत गुलाबपाण्याचे थेंब अडकून चमकत होते, आणि हे लोक आपले लग्न लावीत आहेत की आपल्याला गंगेत सोडीत आहेत, हा प्रश्न त्याच्या मुद्रेवर सहज वाचता येत होता. त्याच्यापुढे पन्ह्याचा पेला आणि द्रोणभर वाटली डाळ होती. या सगळ्यांच्या मधून, खांद्यावर उपरणे आणि हातात चांदीची गुलाबदाणी घेऊन, उत्तर प्रदेश विधानसभेचे एक सन्माननीय सदस्य अनवाणी फिरत होते.

हे माझ्या वडिलांचे शाळासोबती. दोन्ही घरांतले पूर्वज कधीकाळी कोकणातून वेद म्हणायला काशीला आले आणि परत जायचे विसरले. पुढे वडील रेल्वेत गेले, हे राजकारणात गेले. गल्ली त्यांना विधायकजी म्हणे, म्हणून घरात आम्ही विधायककाका म्हणत असू; ‘आमदार’ हा शब्द पुण्याहून यात्रेला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडीच काय तो ऐकू येई. रामघाटापासून शिंदे घाटापर्यंतच्या मराठी घरांत चैत्र-वैशाखात वसंतपूजा होते. वैदिकांना बोलावून गंध, अत्तर, फुले, पन्हे, डाळ यांनी त्यांचा आदर करायचा, आणि त्यांनी आळीपाळीने मंत्र म्हणायचे. एकाने सुरू केलेले दुसऱ्याने उचलायचे, दुसऱ्याचे तिसऱ्याने. लहानपणापासून विधायककाकांनी सत्कार म्हणून जो काही पाहिला तो एवढाच. त्यामुळे निवडून आल्यावर माजी सैनिकांचा गौरव करण्याची वेळ आली, कोणीतरी शाल-श्रीफळ सुचवले आणि फौजेतल्या एका निवृत्त नायकाच्या घरी ट्रंकभर शाली पडून असल्याचे त्यांना दिसले, तेव्हा त्यांनी दुसरा विचारच केला नाही. फौजी लोकांची वसंतपूजा सुरू झाली. मंत्रांच्या जागी काय म्हणायचे, हाही प्रश्न त्यांना पडला नाही. प्रत्येकाने आपला फौजेतला नंबर, हुद्दा आणि पलटन म्हणायची आणि मग कवायतीचे हुकूम. ‘सावधान’ एका कोपऱ्यातून उठायचे, ‘दाहिने देख’ दुसऱ्या कोपऱ्याने उचलायचे, आणि ‘तेज चल’पर्यंत येता येता चौकातली कबुतरे संकठा घाटाकडे निघून गेलेली असायची. पहिल्या वर्षी माझ्या वडिलांनी डोळे मिटून सगळे ऐकले आणि अभिप्राय दिला, “पाठ शुद्ध आहे. स्वर थोडा वर लागतो.”

या प्रकाराचे तर्कशास्त्र मी एकदा त्यांना विचारले होते. मी तेव्हा विद्यापीठात ध्वनिशास्त्रात संशोधन करीत होते, आणि तर्काशिवाय केलेली कोणतीही गोष्ट मला दाढदुखीसारखी छळत असे. काकांनी उत्तर तयारच ठेवले होते. “वैदिकाचा मान का करतात? पाठ केलेलं तो विसरत नाही म्हणून. फौजीचं तेच. फरक इतकाच, की ह्याला विसर म्हटलं तरी विसरता येत नाही.” या विधानात मला आजतागायत चूक सापडलेली नाही, आणि मी शोधली नाही असे नाही.

त्यांच्या इतर सवयी मात्र विज्ञानाच्या कक्षेत बसत नाहीत. माजी सैनिक उभा असताना आपण बसायचे नाही, असा त्यांचा नेम. एरवी नेम चांगला. पण ते घाटावरच्या न्हाव्यापुढे अर्धा चेहरा साबणात घेऊन बसलेले असताना वरच्या पायऱ्यांवरून एक निवृत्त लान्सनायक भाजीची पिशवी घेऊन गेला, आणि काका ताडकन उभे राहिले. न्हाव्याचा वस्तरा जागच्या जागी राहिला, हनुवटी वर गेली. त्या व्रणाला ते ‘माझं मेडल’ म्हणत. स्वतः सलाम कधी ठोकत नसत. सलाम कमवावा लागतो, मतदानाने मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून ते वाकून नमस्कार करीत, आणि गोंधळलेला सैनिक उलट त्यांना कडक सलाम करी, मग ते आणखी वाकत, तो आणखी ताठ होई, आणि अरुंद गल्लीतली ये-जा त्या दोघांच्या मागेपुढे तुंबून राही. विधानसभेत कोणताही विषय निघो, काका शेवटी माजी सैनिकांवर येऊन पोचत. मत्स्यपालनाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी तलावांच्या राखणीसाठी माजी सैनिक नेमण्याची सूचना केली. नागरी शिस्तीच्या चर्चेत केली असती तर ती मान्यही झाली असती. माशांच्या बाबतीत सभागृह हसले. काका उभेच राहिले. हसणे संपल्यावर म्हणाले, माशांना विचारून पाहा.

कचेऱ्यांत त्यांची एक खास पद्धत होती. एखाद्या निवृत्त जवानाचे काम कुठे अडले, तर ते आरडाओरडा करीत नसत, फोन करीत नसत, बदलीची धमकी देत नसत. त्या जवानाला बरोबर घेऊन संबंधित साहेबाच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसत. चपराशी धावत येई, आत चला म्हणे. काका सांगत, “इनका नंबर आएगा तब आएँगे.” दुपारी पिशवीतून काकूंचा डबा निघे. थालीपीठ आणि लोण्याचा वास साहेबांच्या खोलीत शिरे. एक विधायक आपल्या दाराशी एका शिपायाबरोबर जेवतो आहे, आणि जाणारायेणारा प्रत्येक माणूस थांबून कारण विचारतो आहे, हे सहन करणारा अधिकारी अजून जन्माला यायचा होता. बहुतेक कामे डबा रिकामा होण्याच्या आत होत. एका साहेबाने चिकाटी धरली, तर दुसऱ्या दिवशी काकूंनी डब्यात चकल्या जास्तीच्या घातल्या. “एवढा हट्टी आहे तर त्यालाही द्या,” त्या म्हणाल्या.

काकू हे एक स्वतंत्र प्रकरण. ठेंगण्या, चपळ, आणि बोलायला लागल्या की थांबायचे कारण न सापडणाऱ्या. त्यांची एकच तक्रार होती आणि ती त्या मला दर भेटीत सांगत. “अगं, सगळ्या बनारसचं ऐकतात हे. माझंच तेवढं ऐकत नाहीत. ‘अहो, ऐकलंत का’ म्हणून कंठ सुकतो. मग समोर जाऊन हात नाचवला की म्हणणार, अरे, बोलवायचं नाही का.” मी अर्थातच हे नोंद घेण्याजोगे मानले नाही. अशी तक्रार न करणारी पत्नी आमच्या घाटावर कोणी पाहिली नव्हती.

कारण विधायककाकांची खरी कीर्ती होती ती ऐकण्यातच. इतर पुढारी पहिल्या वाक्याला घड्याळ पाहतात, दुसऱ्याला सेक्रेटरीला हाक मारतात. काका समोरच्या म्हाताऱ्या सैनिकाला आपल्या उजव्या हाताला बसवून घेत, मान थोडी कलती करीत, नजर त्याच्या ओठांवर खिळवीत, आणि तो थांबेपर्यंत एक अक्षर बोलत नसत. संपल्यावर त्याचे दोन्ही हात हातांत घेत. दूर दूरच्या गावांतून सैनिक केवळ सांगायला येत. त्यांच्यापैकी सर्वांत निष्ठावान म्हणजे संकठा घाटाजवळ राहणारे तोफखान्यातले एक सुभेदारसाहेब. सहा फुटी, पाठ भिंतीसारखी सरळ. वर्षानुवर्षे, दर मंगळवारी, देवीचे दर्शन घेऊन ते काकांकडे येत आणि एकच प्रदीर्घ गोष्ट सांगत. त्यांच्या आवाजाला चढउतार नव्हता, म्हणून बाहेर ओसरीवर कोणाला ती कळत नसे. पण काकांचे डोळे दर वेळी पाणावत. आम्ही समजत असू की, ती कुठल्याशा भयंकर लढाईची हकीकत असणार.

सुभेदारसाहेबांना स्वतःला फारच कमी ऐकू येई. त्यांच्याबरोबरच्या बहुतेक तोफच्यांची गत तीच. घरात सुना म्हणत, बुवा मुद्दाम ऐकत नाहीत. नातेवाईक म्हणत, घमेंडी झाले. आणि कचेरीत तपासणाऱ्याने कागदाकडे पाहून सांगितले, “उमर हो गई है, बाबा.” सुभेदारसाहेबांना राग आला तो याच वाक्याचा. कान गेले त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. कशाने गेले ते कोणी मानत नाही, ही तक्रार होती. काकांनी त्यांच्यासाठी दोन गोष्टी ठरवल्या. आगामी अधिवेशनात प्रश्न लावायचा की, तोफच्यांचे कान तपासून गेलेल्या कानांची जबाबदारी सेवेवर धरण्यासाठी जिल्ह्यात सोय होणार की नाही. आणि तोवर पुरावा म्हणून, वसंतपूजेला जमलेल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायची. पुरावा आणण्याचे काम माझ्याकडे आले. “विज्ञान,” ते मला याच नावाने हाक मारीत, “यंत्र घेऊन ये.”

मी ऑडिओमीटर आणला. प्रयोगशाळेतून तो मिळवण्यासाठी मी जे काही बोलले त्यात निबंध प्रसिद्ध होण्याची शक्यता मी किंचित वाढवून सांगितली असेल. या यंत्राचे काम सोपे असते. कानांवर डबीसारखे श्रवणक चढवायचे, यंत्रातून बारीक सूर सोडायचा, ऐकू आला की बोट वर करायचे. सूर किती मोठा केल्यावर बोट वर गेले, तो त्या कानाचा आकडा. अडचण फक्त शांत जागेची. काशीत शांत जागा शोधणे म्हणजे काय असते हे मी ध्वनिमापक हातात घेऊन घरभर फिरल्यावर मला समजले. शेवटी जाड भिंतींची, बिनखिडकीची, काकूंची लोणच्याची कोठी सापडली. तिथे आम्ही रजया टांगल्या. देवळांचे भोंगे सुरू होण्यापूर्वी तपासणी उरकायची म्हणून पूजा पहाटेलाच मांडली.

पण एकही तोफची कोठीत यायला तयार होईना. उटी झाली, पन्हे झाले, हुकूमपाठ झाला, आणि यंत्राचे नाव काढताच सगळे चंदन वाळवीत बसले. ज्यांनी तोफांसमोर पाठ वळवली नव्हती ते लोणच्याच्या बरण्यांसमोर माघार घेत होते. कारण उघड होते. घरी ‘ऐकत नाही’ असे म्हटले जात होते तोवर अभिमान शाबूत होता; यंत्राने ‘ऐकू येत नाही’ असे म्हटले की तो संपला. अखेर सुभेदारसाहेब उठले, कोठीच्या दारात येऊन उभे राहिले आणि चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पहले विधायकजी का हो. अफसर आगे, तब पलटन पीछे.”

काकांनी गुलाबदाणी खाली ठेवली. त्यांना पाहुण्यांचे पान पाहायचे होते, फुले आणवायची होती, माझ्या वडिलांकडे जाऊन काहीतरी अत्यंत महत्त्वाचे बोलायचे होते. सुभेदारसाहेब दारातून हलले नाहीत. काका येऊन बसले. मी श्रवणक चढवले, सूर सोडला, आणि काकांचे बोट वर गेले. पुन्हा सोडला, पुन्हा वर गेले. कान तरुण माणसाचे असावेत इतके चोख. मग मी बटण न दाबताच नुसता हात बटणाकडे नेला, तेव्हाही ते वर गेले. मी यंत्र फिरवून त्याची पाठ त्यांच्याकडे केली. आता त्यांना माझा हात दिसत नव्हता. मी डाव्या कानात सूर सोडला. काका बसून राहिले. वाढवला, अजून वाढवला. ज्या पातळीला माझ्या स्वतःच्या कानांना श्रवणकाबाहेर तो स्पष्ट ऐकू येऊ लागला, तिथेही त्यांचा हात मांडीवर तसाच पडून होता आणि ते बरण्यांकडे पाहत होते. उजव्या कानात सूर बराच चढवल्यावर कुठे बोट वर गेले. दहा वर्षांची उजव्या हाताला बसवण्याची रीत, कलती मान, ओठांवर खिळलेली नजर, सगळे एका रेघेत येऊन उभे राहिले.

आता ही गोष्ट त्यांना सांगायची, तीही गुपचूप. इथे एक शास्त्रीय अडचण आली. बहिऱ्या माणसाला गुपित हळू सांगता येत नाही. मी दोनदा कुजबुजून पाहिले. त्यांनी दोनदा प्रसन्नपणे मान हलवली. शेवटी मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात मराठीत म्हणाले, “काका, डावा कान गेलेला आहे. उजवा अर्धा.”

चौकात कोणीही वळून पाहिले नाही. जे ऐकू शकत होते त्यांना मराठी येत नव्हते, आणि बाकीच्यांना ऐकू येत नव्हते. उंबऱ्याच्या आत जपून ठेवलेली आमची भाषा त्या दिवशी प्रथमच काहीतरी उपयोगी पडत होती. काकांनीही, प्रत्येक बहिऱ्या माणसाप्रमाणे आपण हळू बोलत आहोत अशा समजुतीने, कोठीच्या छताला भिडेल अशा स्वरात विचारले, “कशानं?”

डावाच का, हे मला त्यांच्या प्रचाराची जीप आठवल्यावर उमगले. प्रत्येक निवडणुकीत ते भोंग्याच्या उजव्या बाजूला, कान त्याच्या तोंडाशी देऊन, जिल्हाभर फिरत असत. मी तसे ओरडून सांगितले.  काका म्हणाले, “पक्षाला कळलं तर तिकीट जातं, पोरी. कान नसलेला विधायक कोण उभा करतो? आणि मी नसलो तर ह्यांचा प्रश्न तिथे कोण विचारणार? तो प्रश्न होईपर्यंत हे घरात राहू दे.”

ते घरातच राहिले. फक्त घराची व्याख्या थोडी चुकली. घरात एक माणूस असा होता, ज्याला मराठी उत्तम येत होते आणि ज्याचे कान पूर्णपणे शाबूत होते. कोठीच्या दुसऱ्या दारात काकू पन्ह्याची कळशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कळशी खाली ठेवली, पदराने हात पुसले, पुन्हा पुसले.

“मला वाटलं,” त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “सगळ्यांचेच नवरे असे असतात.”

काकांना ते ऐकू गेले नाही. पण त्यांनी ओठ पाहिले असावेत, कारण ते उठून उभे राहिले. जसे ते केवळ फौजी लोकांसाठी राहत. तेवढ्यात दारातून सुभेदारसाहेबांनी हातानेच विचारले, काय निघाले. मला भीती वाटली की काका काहीतरी सफाईने सांगतील. राजकारणी माणूस होता. पण त्यांनी डाव्या कानाकडे बोट केले आणि हात हवेत उडवला, उडालेल्या पाखरासारखा.  सुभेदारसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली आणि खुर्चीवर जाऊन बसले. “तब ठीक है,” ते म्हणाले. “एक ही पलटन के हैं.” त्यानंतर कोठीबाहेर रांग लागली, आणि ती हुद्द्याच्या क्रमाने होती. तीस माणसांना ते गुपित ठाऊक होते. एकही शब्द रामघाटाबाहेर गेला नाही.

तपासणीतून जे दिसले ते मी एका वाक्यात काकांना समजावले: वय दोन्ही कानांना सारखे म्हातारे करते, तोफ तसे करीत नाही. ज्या बाजूला तोफ, त्या बाजूचा कान जास्त गेलेला, हे माणसामागून माणसात दिसत होते. आता उरला प्रश्न सभागृहाचा. लेखी प्रश्न वाचून दाखवता येतो. पण मंत्र्याच्या उत्तरावर लगेच पुरवणी प्रश्न विचारावा लागतो, आणि त्यासाठी उत्तर कळावे लागते. मी जुनी उत्तरे चाळली आणि माझ्या लक्षात आले की, मंत्री काहीही बोलले तरी ते चारांपैकी एकच असते: ‘जी हाँ’, ‘जी नहीं’, ‘विचाराधीन है’ आणि ‘प्रश्न ही नहीं उठता’. चार आकृत्या ओठांवर ओळखायच्या, प्रत्येकीला एक तयार पुरवणी प्रश्न. याहून सुटसुटीत प्रयोग मी त्यापूर्वी आखला नव्हता.

मंत्र्याचे काम काकूंकडे आले. संध्याकाळी चौकाच्या एका टोकाला त्या पदर खोचून, चेहरा सरकारी करून बसत, दुसऱ्या टोकाला काका. आवाज न काढता ओठ हलवायचे. पहिले काही दिवस काकांना ‘जी हाँ’ सोडून सगळे कळे, आणि त्याचे कारण, हा शब्द त्यांनी कोणाही मंत्र्याच्या तोंडी पाहिलेला नव्हता, असे ते सांगत. मग काकू सरावल्या. एकदा त्यांनी गंभीर चेहऱ्याने ओठ हलवले आणि काकांनी तत्काळ उत्तर दिले, “विचाराधीन है.” काकूंनी विचारले होते, भाजी आणलीत का. पुढच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर आले, “प्रश्न ही नहीं उठता.” तो काय होता, हे काकूंनी मला सांगितले नाही. त्या इतक्या हसल्या की मंत्रिपद सोडून पाणी प्यायला गेल्या. मी त्या घरात लहानपणापासून जात होते. त्या दोघांना समोरासमोर बसून इतके बोलताना मी पाहिले ते त्या दिवसांतच, आणि त्यात आवाज अजिबात नव्हता.

प्रश्नाच्या दिवशी काकू लखनौला प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसल्या. पुढचे सगळे मी त्यांच्याकडून ऐकले आहे. काकांनी प्रश्न खणखणीत वाचला. मंत्री उत्तराला उठले, आणि काकू कठड्यावरून पुढे वाकल्या. मंत्रिमहोदयांच्या गालात पानाचा विडा होता. सभागृहात पान खायला मनाई आहे. पण बाहेर खाल्लेले पान आत आल्यावर टाकावे कुठे, याबद्दल नियम मूक आहेत. ओठ उघडत नव्हते. चारही आकृत्या एका विड्यामागे दडल्या होत्या. मंत्री बोलून बसले. अध्यक्षांनी पुरवणी प्रश्नासाठी काकांकडे पाहिले, सभागृहाने काकांकडे पाहिले. काका चाचपडले. त्यांच्या खिशात चार प्रश्न होते आणि कोणता काढावा हे सांगणारे कोणी नव्हते. विरोधी बाकावरून कोणीतरी टोमणा मारला की, मान्यवर झोपले होते काय.

“मान्यवर,” काका अध्यक्षांना म्हणाले, “मंत्रीजी ने क्या कहा, मैंने नहीं सुना. मुझे सुनाई नहीं देता.” माशांच्या वेळेसारखेच सभागृह हसले. काका त्या वेळेसारखेच उभे राहिले. हसणे त्यांना ऐकू येत नव्हते, पण दिसत होते, ते विझेपर्यंत थांबून ते म्हणाले, “मेरे कान तो अपने ही चुनाव के भोंपू से गए. जिनके तोप से गए, उनसे कहा जाता है कि उमर हो गई.” आणि ते खाली बसले. काकू सांगतात की, त्यानंतर मंत्र्यांनी विडा गिळला, ते पुन्हा उठले, आणि काकांकडे तोंड करून, एका शाळामास्तरासारखे ओठ फाकवून म्हणाले, “जी हाँ.” चारांपैकी ज्याचा सराव सर्वांत कमी झाला होता, ते काकांनी पहिल्या झटक्यात ओळखले.

जिल्ह्याच्या रुग्णालयात कान तपासायची खोली झाली. तिला खिडकी नाही आणि लोणच्याचा वास नाही. बाकी आमच्या कोठीसारखीच आहे. सुभेदारसाहेबांच्या कागदावरची ‘उमर’ खोडून तिथे ‘तोप’ आले. तो कागद त्यांनी सुनेला मोठ्याने वाचायला लावला आणि पुन्हा वाचायला लावला, ऐकू आले नाही म्हणून. पुढच्या निवडणुकीला पक्षाने काकांऐवजी दुसऱ्याला उभे केले. त्या नव्या उमेदवाराला सगळे ऐकू येते, असे ऐकते. काकांनी नवे श्रवणयंत्र घेतले ते मात्र पलटणीतल्या सगळ्यांना मिळाल्यानंतर, हुद्द्याच्या क्रमाने सर्वांत शेवटी. यंत्र लावल्यावरच्या पहिल्या मंगळवारी सुभेदारसाहेब नेहमीप्रमाणे आले आणि त्यांनी आपली ती गोष्ट सांगितली. ती संपल्यावर काका आत आले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

“विज्ञान,” ते म्हणाले, “इतकी वर्षं मी ती लढाई समजत होतो. ती एका खेचराची गोष्ट आहे. पलटणीच्या लंगरातले, म्हणजे भटारखान्यातले, कांदे खाणाऱ्या.”

मी विचारले, मग आता काय करणार. काका म्हणाले, करायचे काय, खेचर शेवटी मरते, आणि सुभेदारांना ते अजून सोसत नाही. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी पुन्हा मान कलती केली, पुन्हा ओठांकडे पाहिले, आणि पुन्हा त्यांचे डोळे भरून आले. मी ओसरीवरून नीट पाहिले होते. त्यात पूर्वीपेक्षा काहीच फरक नव्हता.

वसंतपूजा अजून होते. विधायकपद गेले, पण गल्लीने ‘विधायकजी’ परत घेतले नाही. मी आता दुसऱ्या शहरात शिकवते आणि चैत्रात सुट्टी काढून यंत्रासह येते. दर वर्षी सतरंजी थोडी आखूड टाकली जाते. हुकूमपाठ सुरू होतो, ‘सावधान’ एका कोपऱ्यातून उठते, आणि ते उचलायचा कोपरा रिकामा असला, तर काका स्वतः उचलतात, तो हुकूम आपण कमावलेला नाही याची आधी क्षमा मागून. त्यानंतर तपासणी, अफसर आगे. या वर्षी काका श्रवणयंत्र काढून कोठीत बसले तेव्हा यंत्राची पाठ त्यांच्याकडे होती, रजया टांगल्या होत्या, सुभेदारसाहेबांच्या जागी दारात त्यांची टोपी खुंटीला होती. डाव्या कानाला उत्तर नव्हते. उजव्यात मी सूर ऐंशीपर्यंत नेला, पंच्याऐंशीपर्यंत नेला. बोट वर गेले नाही. मी सूर बंद केला, यंत्राचा बोलायचा मायक्रोफोन काढून काकूंच्या हातात दिला आणि पातळी बरीच खाली आणली. काकूंनी तो गुलाबदाणीसारखा जपून धरला. बोलायचे काय, त्यांना सुचेना. मग सवयीने म्हणाल्या, “अहो, ऐकलंत का.”

काकांचे बोट वर गेले. माझा हात यंत्रामागे होता, काकू त्यांच्या पाठीमागे होत्या, ओठ त्यांना दिसत नव्हते. मी ती चाचणी पुन्हा घेतली, आणि बोट पुन्हा वर गेले. एकसुरी नादापेक्षा बोललेला शब्द कमी पातळीला कळतो, याला पुस्तकांत नीट कारण दिलेले आहे, आणि ओळखीच्या आवाजाबद्दलही दिलेले आहे. मी कारण लिहिले नाही. रकाना भरला: उजवा कान, काकूंचा आवाज, पासष्ट डेसिबल.